एकदाच काय ते करून टाका

घराचं काम काढलंय म्हटलं की माणसं साधारणपणे गवंडी कुठला, रोज काय घेतो, सिमेंटची गोणी कितीला पडली, असलं विचारतात. मला कुणी यातलं काही विचारलं नाही. मला एवढंच विचारलं, ‘आत्ता?’ काहींनी तोंडाने विचारलं, काहींनी नुसतं माझ्या पोटाकडे बघून.

पोटाकडे, कारण तिथे बेंबीच्या डाव्या अंगाला एक मऊ नळी बाहेर आलेली आहे. माझी दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत आणि त्यांचं काम आता पोटातला पातळ पडदा करतो. याला पेरिटोनियल डायलिसिस म्हणतात. दवाखान्यातलं डायलिसिस सगळ्यांच्या ऐकिवात असतं: हातात सुया, शेजारी मशीन, आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार-चार तास. माझं घरातच होतं. दोन लिटर औषधी पाणी नळीवाटे पोटात सोडायचं, काही तास तसंच वागवायचं, मग ते काढून टाकून नवीन भरायचं. रोज चार वेळा. त्या पाण्यात साखर असते. ती अंगातलं जास्तीचं पाणी ओढून घेते आणि रक्तातली घाणही पडद्यातून हळूहळू त्यात उतरते. १९७६ साली अमेरिकेत ऑस्टिनला पोपोविच आणि मॉन्क्रीफ या दोघांनी ही पद्धत मांडली, तेव्हा हे पाणी काचेच्या बाटल्यांतून यायचं. पुढे टोरंटोच्या ओरिओपोलोस यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या. काचेच्या बाटल्या मनोरीच्या फेरीबोटीतून आणायच्या असत्या तर काय झालं असतं, या विचाराने मी टोरंटोच्या दिशेला अधूनमधून हात जोडते.

हो, मी मनोरीला राहते. मालाडहून मार्वे, मार्व्याहून बोट, खाडी ओलांडली की आमचं गाव. घरपट्टी मुंबई महापालिकेची, आमदार मुंबईचा, पण परसात विहीर, अंगणात दुसऱ्याच्या कोंबड्या आणि समुद्राच्या अंगाला बोंबील वाळत घातलेल्या वलांड्या. मुंबईत राहून खेड्यात राहायचं सुख काय असतं ते आम्हाला माहीत आहे. त्याचा त्रासही आम्हालाच. पावसावाऱ्यात बोट बंद राहिली की मालाडला जायला उत्तन-भाईंदरचा वळसा पडतो. आठवड्यातून तीनदा हा प्रवास करून चार तास मशीनला बांधून घ्यायचं आणि उतरलेल्या रक्तदाबाने पुन्हा धक्क्यावर येऊन उभं राहायचं, हे माझ्याच्याने होणार नाही, असं मी डॉक्टरांना पहिल्याच बैठकीत सांगितलं. ते म्हणाले, ‘मग पोटाचं करू. पण घर बघावं लागेल.’

घर बघायला नर्स आली. तरुण, चुणचुणीत, बोटीतून उतरताना चपला हातात घेतलेल्या. ओटीवर पाऊल टाकल्या टाकल्या तिने मान वर केली आणि ती वरच राहिली. आमचं घर नवऱ्याच्या आजोबांनी बांधलेलं. काळ्या दगडाचं जोतं, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, सागाच्या तुळया, वर मंगलोरी कौलं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईच्या समोरून गेलं, तेव्हा पश्चिमेकडच्या पाख्यावरची कौलं पत्त्यांसारखी उडाली. त्या जागी मिळतील तशी बसवलेली, त्यामुळे मापं जुळत नव्हती आणि फटींतून उन्हाचे कवडसे थेट माजघरात यायचे. आम्हाला ते कवडसे बघायची सवय. नर्सला नव्हती.

‘वरून काय काय पडतं?’ तिने विचारलं.

सासूबाईंचं वय ब्याऐंशी, पण स्मरणशक्ती शाबूत. त्यांनी यादी दिली. वाळवीचा भुसा. पालीच्या लेंड्या. कौलांची माती. पावसाळ्यात तुषार. ‘आणि एकदा धामण पडली होती, ह्यांच्या ताटाशेजारी.’

नर्स हसली, पण वहीत लिहून घेतलं. मग तिने पडवीतली शेणाने सारवलेली जमीन पाहिली, पाटावर झोपलेलं मांजर पाहिलं, न्हाणीघरातला उंबरठा पाहिला. पोटाच्या डायलिसिसमध्ये सगळी भीती जंतूंची असते. पिशवीची नळी पोटाच्या नळीला जोडायची त्या दहा-वीस सेकंदांत हवेतली धूळ, तोंडातला श्वास, हातावरची घाण, काहीही आत जाऊ शकतं आणि पोटाच्या पडद्याला सूज येऊ शकते. म्हणून जोडणी करताना तोंडाला मास्क, हात साबणाने घासून धुतलेले, खिडक्या बंद, पंखा बंद. मांजर तर खोलीच्या आसपासही नको. मांजराने नळीला दात लावला आणि पोटात संसर्ग झाला, अशा नोंदी वैद्यकीय मासिकांमध्ये आहेत. हे कळल्यापासून आमच्या बोक्याकडे मी जरा आदराने बघते.

तर ‘आत्ता?’ या प्रश्नाचं माझं उत्तर साधं होतं. आत्ताच. हे घर असं राहिलं तर मी या घरात राहू शकत नाही.

पण लोकांना असं उत्तर नको असतं. त्यांना एक तर वेडेपणा दिसतो, की हिचे किती दिवस राहिलेत आणि ही फरशा निवडतेय. नाहीतर धैर्य दिसतं, की बघा, एवढं दुखणं असून घर बांधतेय. दुसरी जात मला जास्त छळते. बोटीत एका ओळखीच्या बाईंनी माझा हात हातात घेऊन ‘तुमच्याकडून शिकायला पाहिजे’ म्हटलं, तेव्हा माझ्या पिशवीत दोन प्रकारच्या बिजागऱ्या होत्या आणि कुठली गंजणार नाही या विचारात मी होते. त्यांनी कौतुक केल्यावर ते सांगणंही प्रशस्त दिसेना.

सल्ले मात्र भरपूर आले. त्यात वजनदार दिरांचा. दीर वसईला बिल्डिंगीत राहतात. ते म्हणाले, ‘वहिनी, कौलं काढा आणि स्लॅब टाका. एकदाच काय ते करून टाका. धूळ नाही, गळती नाही, दरवर्षीची कटकट नाही.’ त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. पण मनोरीच्या हवेत मीठ आहे. ते सिमेंटमधून झिरपत लोखंडी सळीपर्यंत पोचतं, सळी गंजते, गंजली की फुगते, आणि खालचा गिलावा खपलीसारखा सुटून पडतो. आमच्या शेजारच्या घराचा स्लॅब आमच्या डोळ्यांसमोर टाकलेला आहे आणि आता त्याच्या पोटात सळ्या उघड्या दिसतात. त्यांनीही एकदाच काय ते करून टाकलं होतं.

हेच वाक्य मी दुसरीकडेही ऐकत होते. ‘ट्रान्सप्लांट करून टाका ना, एकदाच काय ते.’ सांगणारे चांगल्या मनाने सांगतात. मी यादीत आहे. १९९४ च्या कायद्यानुसार जिवंत दाता जवळच्या नात्यातला हवा, नाहीतर समितीची परवानगी हवी. माझ्या नवऱ्याला मधुमेह, त्याचं मूत्रपिंड चालणार नाही. मुलाचं मी घेणार नाही, हा विषय आमच्या घरात एकदा निघाला आणि मी तो तिथेच बंद केला. उरलं मेंदूमृत दात्याचं. मुंबईत त्याची यादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र ठेवतं आणि ती यादी हलायला वर्षं लागतात. नवीन मूत्रपिंड मिळालंच तर शरीराने ते नाकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या, आणि तेही कायमचं टिकत नाही. मिळालं तर मी घेईन, आनंदाने घेईन. पण त्याची वाट बघत गळक्या छपराखाली बसायचं, हे मला पटत नाही.

कौलारू घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट उपजतच ठाऊक असते. छप्पर ‘होऊन’ जात नाही. मे महिना आला की माणूस वर चढणार, फुटकं काढणार, सरकलेलं बसवणार, रीप कुजली असेल तर बदलणार. पुढच्या मे महिन्यात पुन्हा. शंभर वर्षं उभं असलेलं घर शंभर मे महिन्यांत दुरुस्त झालेलं असतं. आमच्या सासूबाईंना त्यांच्या उभ्या आयुष्यात कुणी ‘अजून किती वर्षं शाकारणार?’ असं विचारलं नाही. माझ्या पिशव्याही तशाच आहेत. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, झोपताना एक. माझ्या दुखण्याला मी स्लॅबची भाषा लावायचं सोडलं आणि कौलांची लावली, तेव्हापासून माझी झोप सुधारली. इतकंच. यात धैर्यबिर्य काही नाही.

कौलांसाठी डहाणूकडचे एक मामा मिळाले. माणूस वयस्कर, बारीक अंगाचा, आणि बोलायला नाखूष. खाली ठेवलेल्या कौलांच्या थप्पीशी ते उकिडवे बसायचे. एकेक कौल डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरायचं आणि उजव्या हाताच्या आंगठीचं बोट त्याच्या पाठीवर मारायचं. खणखणीत वाजलं की उजवीकडे. बद्द वाजलं की डावीकडे, मग डोळ्यांना तडा दिसो न दिसो. मी ओटीवर खुर्ची टाकून बघत बसायचे. काही वेळाने मलाही आवाजावरून कळायला लागलं, आणि मामा बोट मारायचे तेव्हा मी मनात ‘डावीकडे’ म्हणायचे. एकदा माझं चुकलं असं वाटलं, तर मामांनीच पुन्हा वाजवून पाहिलं आणि कौल उजवीकडून उचलून डावीकडे ठेवलं. मला काय आनंद झाला!

जुन्या कौलांच्या पाठीवर कारखान्यांचे छाप आहेत. मंगळूरला बासल मिशनने १८६५ साली कौलांचा पहिला कारखाना काढला, त्यानंतर तिथे कितीतरी निघाले आणि चिकणमाती मिळेनाशी झाली तसे पुष्कळसे बंदही पडले. नव्या कौलाची खाच जुन्याच्या खाचेत बसत नाही, बसली तरी पाणी आत घेते. म्हणून पाडलेल्या घरांची जुनी कौलं शोधायची. गोराईला एक घर पडत होतं तिथली आम्ही घेतली. दुसऱ्याचं छप्पर डोक्यावर घ्यायला सासूबाई कुरकुरल्या. मी म्हटलं, आई, मी दुसऱ्याच्या मूत्रपिंडाच्या रांगेत उभी आहे, तुम्ही कौलांचं काय घेऊन बसलात. त्यावर त्या बराच वेळ हसत राहिल्या आणि मग पदराने डोळे पुसले. ते हसण्यामुळे की कशामुळे, मी विचारलं नाही.

छप्पर ठेवलं आणि धुळीचा प्रश्न वेगळा सोडवला. पडवीच्या टोकाची खोली आतून पुरी बंदिस्त करून घेतली: वर गुळगुळीत बोर्डाचं छत, भिंतींना धुता येईल असा रंग, खाली शेणाऐवजी मोठ्या मापाच्या फरश्या, म्हणजे सांधे कमी. एका कोपऱ्यात बेसिन, कोपराने उघडता येईल असा लांब दांड्याचा नळ. खिडकीला जाळी आणि आत पुरती बंद होणारी काच. सुतारमामांनी विचारलं, ‘पिशवी टांगायला आकडा किती उंचावर?’ पिशवी खांद्याच्या वर हवी, म्हणजे पाणी आपल्या वजनाने उतरतं, आणि रिकामी पिशवी जमिनीवर. या सगळ्या कारभाराला वीज लागत नाही, फक्त उंची लागते. मनोरीत पावसाळ्यात वीज जाते तेव्हा मला हे आठवून फार बरं वाटतं. मी खुर्चीत बसले आणि सुतारमामांनी माझ्या खांद्यापासून वरती टेपने माप घेतलं. ब्लाउजचं माप देतात तसं घराने माझं माप घेतलं म्हणायचं. आत्तापर्यंत या घरातल्या ओट्याची उंची, फळ्यांची उंची, सगळी कुणा आधीच्या बाईच्या मापाची होती.

कामाच्या दिवसांचं वेळापत्रकही पिशव्यांनी ठरवलं. दुपारची आणि संध्याकाळची पिशवी कामाच्या वेळेत यायची. तेव्हा कापणं, घासणं, ठोकणं बंद. गवंडी आधी जरा वैतागला. मग त्याने तीच चहाची वेळ करून टाकली. पुढे पुढे तर मी विसरले तरी बाहेरून हाक यायची, ‘ताई, पिशवी नाही का आज?’ मे महिन्यात खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, अंगातून घामाच्या धारा, आणि बाहेर मजुरांचं आयपीएलवर भांडण. जोडणी झाली की खिडकी उघडायची मुभा असते. मग मीही त्या भांडणात आतून भाग घ्यायचे.

छपराच्या मोठ्या कामाच्या वेळी मात्र डॉक्टरांनी मला घराबाहेर काढलं. मुलाच्या मालाडच्या फ्लॅटमध्ये राहिले. स्वच्छ, सोयीचं, लिफ्ट आहे. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

निघालेलं पाणी टाकून देण्याआधी बघावं लागतं. ते फिकट पिवळं आणि नितळ हवं. गढूळ दिसलं की लगेच दवाखाना गाठायचा. नितळपणा बघायची आम्हाला शिकवलेली युक्ती म्हणजे पिशवीखाली छापील कागद ठेवायचा, अक्षरं वाचता आली पाहिजेत. मी वर्तमानपत्र ठेवते. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा महापालिकेचा प्रकल्प, रोज २० कोटी लिटरचा, त्याची बातमी मी माझ्या पोटातल्या पाण्यातून वाचलेली आहे. गावाला त्यातलं किती मिळणार यावर ओट्याओट्यावर चर्चा झडतात. मी त्यात पडत नाही. माझं पाणी बोटीने येतं.

आणि ते येतं तेव्हा गावाला कळतं. रोज आठ लिटर म्हणजे महिन्याला २४० लिटर. खोक्यांची चळत मार्व्याला उतरते, बोटीत चढते, धक्क्यावरून टेम्पोत. खोकी ओल्या जमिनीवर ठेवायची नाहीत, उन्हात नाहीत, उंदीर लागता कामा नये. त्यासाठी माजघरातली भाताची कोठी होती ती जागा मोकळी केली, जमिनीपासून हातभर उंच फळ्या ठोकल्या. खोकी लावायला गल्लीतली पोरं येतात आणि पिवळ्या, हिरव्या झाकणांच्या पिशव्या वेगवेगळ्या रचून देतात. पिवळीत साखर कमी, हिरवीत जास्त, लालमध्ये सगळ्यांत जास्त. लाल मी कोपऱ्यात ठेवते. लाल काढावी लागली की समजायचं, आदल्या दिवशी जिभेने काहीतरी उद्योग केला आहे आणि पायावर सूज आली आहे. उद्योग बहुतेक सुक्या बोंबलाचा. वलांड्यांवरून वारा सुटला की तो वास थेट माझ्या बंदिस्त खोलीच्या काचेपर्यंत येतो. मीठ मला वर्ज्य. ताजं मासळीचं कालवण चालतं, उलट प्रथिनं भरपूर खा असं आहारतज्ज्ञ बजावतात, कारण या पाण्यातून ती रोज थोडी थोडी वाहून जातात. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताजं फारसं काही नाही, आणि घराघरांत भरलेल्या डब्यांमधून सुकं निघतं. बाहेर पाऊस, आणि शेजारी सुका जवळा परततायत. त्यांनी खिडकी लावून घ्यावी असं सुचवायला मी एकदा गेलेही होते. मग म्हटलं, त्यांच्या घरात ते शिजणारच, मी कशाला नाक मुरडू.

न्हाणीघराचं काम शेवटी झालं. नळीच्या तोंडाशी विहिरीचं पाणी लागता कामा नये, म्हणून नळाचं पाणी, शॉवर, घसरणार नाही अशी फरशी, आणि उंबरठा काढून उतार. निघालेलं पाणी ओतायला कमोड लागतोच. सासूबाईंनी तो येताना पाहिला आणि ‘खुर्चीवर बसून कसलं होतं’ म्हणून सबंध आळीत माझी नक्कल केली. पावसाळ्याच्या तोंडावर प्लंबर हिशेब करून गेला, मामा डहाणूला गेले, जाताना पश्चिमेच्या पाख्यावर एक जागा दाखवून ‘ही पुढच्या वर्षी बघू’ म्हणाले.

जून कोरडाच चालला होता, आणि मग एके रात्री जोराचा आला. सकाळी सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून माझ्या दाराशी आल्या, मास्क लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही हे त्यांना पाठ आहे, म्हणून बाहेरूनच बोलल्या. परसातल्या जुन्या जागेत जाताना पाय घसरला, पडले नाही पण पडले असते. तर त्यांनाही तसला कमोड हवा आहे. वेगळा. धरायला दांडा असलेला. आणि गणपतीच्या आत, कारण गणपतीला वसईची मंडळी येणार. प्लंबर म्हणतो गणपतीनंतर. त्यांचं-त्याचं फोनवर रोज चाललंय, आणि रंगावरूनही एक नवा वाद आहे: त्यांना पांढरा नको, लगेच मळतो.